पाळणा असेल तिथली तारीख

तारीख नऊ नोव्हेंबर, रविवार. रक्कम एकशे एक रुपये. हजर चार माणसं: मी, माझी थोरली बहीण, माझी मुलगी आणि वरच्या मजल्यावरचे शेजारी भिया, भिया म्हणजे आमच्या इंदुरी बोलीत भाऊ.

या रकमेची आमच्या घरात जुनी पद्धत आहे. कुणी प्रवासाला निघालं की मी एक कागद करतो. घरातून कधी निघायचं, कुठे किती थांबायचं, किती किलोमीटर, किती तास, सगळं त्यावर असतं. कागद जेवणाच्या टेबलावर चार दिवस पडून राहतो. त्यात कुणाला चूक सापडली तर मी एकशे एक रुपये द्यायचे. ही पद्धत सुरू होऊन एकवीस वर्षं झाली होती आणि त्या रविवारपर्यंत मी कुणालाही एक रुपया दिलेला नव्हता. इंदूरच्या पोलोग्राउंडमधल्या एका कारखान्यात मी कामाचं नियोजन बघतो. कुठला भाग कुठल्या मशीनवर किती मिनिटं, हे ठरवण्यातच माझी सगळी नोकरी गेली. तेव्हा कागद चुकायचा नाही, यात कौतुकाचं काही नव्हतं.

या वेळचा कागद मात्र खास होता. मंगळवारी, चार तारखेला, सकाळी अकराला सॅन फ्रान्सिस्कोहून मुलाचा फोन आला. मी कारखान्यात होतो. अर्ध्या तासापूर्वी मुलगी झाली होती. माझी बायको महिनाभर आधीच तिकडे गेलेली, तिने फोन हिसकावून घेतला आणि वजन सांगितलं. मी खिशातली वही काढून लिहिलं: चार नोव्हेंबर, सकाळी दहा तीस, तीन किलो शंभर. मग आजूबाजूच्या सगळ्यांना पेढे नंतर मिळतील असं सांगून टाकलं.

आमच्याकडे बारसं बाराव्या दिवशी करतात आणि बाळाच्या कानात नाव आत्या सांगते. आधी "कुर्रर्र" करायचं, मग नाव. ती वाकलेली असताना बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. आता या बाळाची आत्या म्हणजे माझी मुलगी. वय सव्वीस, इंदूरमध्येच एका सॉफ्टवेअर कंपनीत. भाऊ तिकडे गेल्यापासून तिने हे ठरवून ठेवलं होतं. व्हिसा आधीच काढलेला. सगळं अडलं होतं ते फक्त तारखेवर, आणि तारीख काढणं माझं काम.

चार तारीख पहिला दिवस, म्हणून पंधरा तारीख बारावा. शनिवार. मी पंधराचंच तिकीट काढलं. इंदूरहून सकाळी दहा चाळीस, दिल्ली सव्वाबारा. दिल्लीहून दुपारी साडेतीन, आणि सॅन फ्रान्सिस्को त्याच दिवशी संध्याकाळी पाच पन्नास. बारसं साडेसातला. मुलाला तारीख कळवली. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही काढलीये ना? मग झालं." तिकडे कुणी पुन्हा मोजलं नाही. मी काढलेली तारीख पुन्हा मोजायची आमच्या घरात रीत नाही.

तर रविवारी पोहे-जलेबी खात हा कागद सगळ्यांसमोर वाचला.

"थांब," ताई म्हणाली. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, निवृत्त शिक्षिका, आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहते. "साडेतीनला निघून पाच पन्नासला अमेरिका? दोन तास वीस मिनिटं? मला तर राऊहून राजवाड्याला जायला दीड तास लागतो."

"ताई, तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे आहे. विमान हवेत पंधरा तास पन्नास मिनिटं असतं. त्यातून साडेतेरा वजा कर."

"आणि साडेबारा असतील तर?"

"साडेबारा उन्हाळ्यात. गेल्याच रविवारी त्यांनी घड्याळं एक तास मागे घेतली. ते मी धरलंय." हे मी जरा ऐटीत सांगितलं, कबूल करतो.

भिया पोह्यांवर शेव घालत होते. त्यांचा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे, बारा ट्रक आहेत. त्यांना मराठी पूर्ण कळतं, पण बोलतात हिंदीतच, आणि मलाही भियाच म्हणतात. "भिया, किलोमीटर कितने हुए?"

मी वाटच बघत होतो. मुलाचा शाळेतला पृथ्वीचा गोल आणि बायकोचा तुरपाईचा दोरा टेबलावर आणून ठेवलाच होता. गोलाचा घेर शहाण्णव सेंटिमीटर, खऱ्या पृथ्वीचा चाळीस हजार किलोमीटर. इंदूर ते दिल्ली दोरा भरला एक पूर्णांक सहा सेंटिमीटर, म्हणजे सहाशे सदुसष्ट किलोमीटर. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को एकोणतीस पूर्णांक सात, म्हणजे बारा हजार तीनशे पंच्याहत्तर. एकूण तेरा हजार बेचाळीस. दोरा ताणला की तो समुद्रावरून जातच नाही, सरळ उत्तरेला चढतो, रशियावरून, ध्रुवाच्या शेजारून, आणि कॅनडावरून खाली उतरतो. मुलगी गोलावर वाकून बघत होती.

"म्हणजे मला खिडकीतून बर्फ दिसणार?"

"दिसायला हवा."

"अपन तो किलोमीटर गिनते ही नहीं," भिया म्हणाले. "ड्राइवर से पूछो तो वो घंटे बताता है. छोटा रास्ता घाट का हो तो किस काम का?"

मी त्यांना ट्रक आणि विमान यांतला फरक समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतला आणि जलेबी घेतली.

एवढ्यात ताईने चष्मा लावून तिचा फोन हातात घेतला. मुलाने पहिल्या दिवशी पाठवलेला फोटो तिने फोनवर कायमचा लावून ठेवलाय: दवाखान्यातल्या पाळण्यात गुंडाळलेलं बाळ आणि पाळण्याला चिकटवलेलं एक कार्ड. तो फोटो आम्ही सगळ्यांनी पन्नास वेळा बघितला असेल. बाळ बघितलं होतं. कार्ड कुणी वाचलं नव्हतं. ताईने छत्तीस वर्षं हजेरीपट तपासले, ती कार्ड वाचते.

"हे इथे तीन का लिहिलंय?"

"काय तीन?"

"नोव्हेंबर तीन. रात्री नऊ. तू तर चार म्हणतोस."

"अगं, तिकडे तेव्हा सोमवार रात्र होती..." मी म्हणालो आणि तिथेच थांबलो.

मी विमानाची वेळ बदलून धरली होती, दिल्लीतलं थांबणं धरलं होतं, त्यांचं उन्हाळी घड्याळसुद्धा धरलं होतं. बाळाचा जन्म तेवढा माझ्या खिशातल्या वहीप्रमाणे, पोलोग्राउंडच्या वेळेत झाला होता.

"मग तीनपासून मोज," ताई म्हणाली आणि स्वतःच बोटांवर मोजत गेली. "बारावा दिवस चौदा. शुक्रवार. ही पोहोचणार शनिवारी."

 भियांनी हळूच म्हटलं, "एक सौ एक तो गए भिया."

मी मुलाला फोन लावला. तिकडे शनिवारची रात्र होती. फोन बायकोने घेतला. तिनेही कार्ड वाचलं नव्हतं, पण मुद्दा तिला एका वाक्यात कळला. मी म्हटलं, एक दिवस पुढे घेऊ, काय बिघडतं?

"तेराव्या दिवशी?" ती म्हणाली. "तेरावा हा शब्द मी बाळाच्या पाळण्याजवळ आणू देणार नाही. बारावा म्हणजे बारावा. जमलं नाही तर इथे सुनेची मावसबहीण आहे, ती आत्या म्हणून बसेल. काही अडत नाही."

फोन स्पीकरवर होता. मुलगी उठली आणि ओट्याकडे जाऊन उगाच कप विसळायला लागली.

ते का, हे आम्हा तिघांना ठाऊक होतं. सव्वीस वर्षांपूर्वी तिच्या स्वतःच्या बारशाला आत्या नव्हती. ताई तेव्हा हातोदच्या शाळेत होती. परीक्षेचे पेपर संपवून दुपारी निघाली. बस मधेच बंद पडली. दुसरी आली ती भरून वाहत होती, थांबलीच नाही. शेवटी लसणाच्या टेंपोत बसून ती घरी पोहोचली तेव्हा पाळणा म्हणून झाला होता, घुगऱ्या वाटून झाल्या होत्या, आणि मुलीच्या कानात नाव शेजारच्या काकूंनी सांगितलेलं होतं. हातोद ते आमचं तेव्हाचं घर बावीस किलोमीटर. मी नंतर स्कूटरवर मोजलं. ताईला लागले पाच तास दहा मिनिटं. ती हसत हसत आत आली होती, हातात चांदीचे वाळे, अंगाला लसणाचा वास. मुलगी मोठी झाल्यावर दर वाढदिवसाला तिला चिडवायची, "आत्या, बस मिळाली का?" ताई पण हसायची. पण ती कधी कुणाच्या बारशात पाळण्याजवळ बसायची नाही, हे माझ्या लक्षात आलेलं होतं.

ताईने पिशवीतून चष्म्याचं घर काढलं, चष्मा त्यात ठेवला आणि मला म्हणाली, "तुझे एकशे एक नंतर बघू. आधी ही शुक्रवारी कशी पोहोचते ते सांग. आणि तू कागद लिहू नकोस, फोन कर."

मी फोन केला. चाळीस मिनिटं विमान कंपनीचं संगीत ऐकलं. शुक्रवारच्या विमानात एकच जागा होती, शेवटून दुसरी ओळ, मधली सीट. तारीख बदलायचे अठरा हजार चारशे. मी एका दमात हो म्हटलं, याचं घरात सगळ्यांना नवल वाटलं. मुलीने तिच्या मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, गुरुवारी काम संपवून जा. ती तीन दिवस लॅपटॉपसमोरून हलली नाही. ताई तिला तिथेच ताट आणून द्यायची.

नवा कागद मी केला तो ताईसमोर. प्रत्येक ओळीला ती विचारायची, "हे कुठलं घड्याळ?" मी दोन रकाने केले, एक इंदूरचा, एक बाळाचा. विमानं त्याच वेळांची, फक्त एक दिवस आधीची. शुक्रवारी संध्याकाळी पाच पन्नासला उतरणार. बाहेर पडायला या वेळी सव्वा तास धरला, शुक्रवारच्या गर्दीतून घरी जायला चाळीस मिनिटं. म्हणजे सात पंचेचाळीस. बारसं साडेसातवरून आठला करून घेतलं. पंधरा मिनिटं शिल्लक. पंधरा मिनिटांवर मी कारखान्यात कुठलंच काम कधी लावलेलं नाही.

शुक्रवारी भियांनी स्वतः गाडी काढली. मुलीच्या सामानात एक झबलं, दोन टोपडी, ताईने जपून ठेवलेले ते चांदीचे वाळे आणि दोन किलो शेव. विमानतळावर आम्ही सव्वाआठलाच होतो. ताईने मुलीच्या हातावर दही-साखर ठेवली ती आत जायच्या दाराशी, पहारेकऱ्याच्या देखत. तो म्हणाला, "माताजी, जल्दी." ताई म्हणाली, "बेटा, इसको अमेरिका जाना है. दो चम्मच का टाइम तो दे."

दहा चाळीस झाले, अकरा झाले. दिल्लीत धुरकं होतं, तिकडून येणारं विमानच उशिरा निघालं होतं. आम्ही बाहेर गाडीतच बसून राहिलो. मी काचेवर बोटाने वजाबाक्या करत होतो. अकरा चाळीसलाही निघालं नाही. भिया म्हणाले, "भिया, काच मत घिसो, नई डलवाई है."

बारा पाचला विमान उडालं. एक तास पंचवीस मिनिटं उशीर. दिल्लीत एक चाळीसला उतरलं तर पुढच्या विमानाला एक तास पन्नास मिनिटं उरतात, त्यात पासपोर्टची रांग, तपासणी आणि लांबचं चालणं. मी हे बोललो नाही. ताई मात्र शांतपणे म्हणाली, "बावीस किलोमीटरला मला पाच तास लागले होते. हिचं काय होईल ते होवो, ही निघाली तरी वेळेवर."

घरी येऊन कुणी जेवलं नाही. दोन पन्नासला फोन वाजला. ताईने माझ्या हातातून तो घेतला. आवाज न करता आधी कानाला लावला, मग विचारलं, "बस मिळाली का?"

पलीकडून धापा टाकत आवाज आला, "मिळाली, आत्या! मधल्या सीटवर बसले. एका बाजूला आजोबा घोरायला पण लागलेत."

ताई पहिल्यांदाच खुर्चीत नीट बसली. मग आम्ही तिघं जेवलो. वरण गार झालं होतं, भियांनी तरी दोनदा घेतलं.

साडेतीनचं विमान तीन पंचावन्नला निघालं. मी फोनवर त्याचा ठिपका लावून ठेवला. तो उत्तरेला जाईल म्हणून मी गोल घेऊन बसलो होतो, तर ठिपका वळला पूर्वेला. चीनवरून निघाला, थेट जपानकडे. माझा दोरा एका बाजूला आणि विमान दुसऱ्या. मी तो रस्ता दोऱ्याने पुन्हा मोजला, वाकडा वाकडा धरून. साडेचौदा हजारांच्या आसपास भरला. म्हणजे दिल्लीपासूनच दोन हजार किलोमीटर जास्त, आणि आमच्याकडे शिल्लक पंधरा मिनिटं, ती पण पंचवीस मिनिटं उशिराने संपलेली. मी भियांना वर फोन केला.

"हवा देखो ना," ते म्हणाले. "पीछे से हवा लग रही होगी. पायलट को भी तो घर जाना है. सो जाओ."

रात्री मी झोपलो. पहाटे उठून बघितलं तर ठिपका प्रशांत महासागराच्या पार पलीकडच्या काठाला आला होता. सकाळी सहा पंचावन्नला विमान उतरलं. पंधरा तास बरोबर. लांबच्या रस्त्याने, उशिरा निघून, कागदापेक्षा पंचवीस मिनिटं आधी. मुलीचा निरोप आला, "बाबा, बर्फ नाही, नुसतं पाणी. एवढं पाणी मी आयुष्यात बघितलं नाही." ही माझी दुसरी चूक, पण तिच्याबद्दल कुणी पैसे मागितले नाहीत.

आमच्याकडे शनिवार, सकाळचे साडेनऊ. तिकडे शुक्रवार, रात्रीचे आठ. टेबलावर फोन उभा केलेला, समोर आम्ही तिघं, पोहे झाकून ठेवलेले. पडद्यावर आमची बैठकीची खोली असावी तशीच खोली, मधे पाळणा, त्याला झेंडूच्या माळा. बायकोने झेंडू कुठून मिळवला ते अजून सांगितलेलं नाही. मुलगी पडद्यात आली. विमानातले केस तसेच, वर नुसती साडी गुंडाळलेली. वाळे बाळाच्या पायात घातले, ते जरा मोठेच झाले. बायकांनी पाळणा म्हटला. मग ती वाकली आणि "कुर्रर्र" केलं. माझ्या बायकोने तिच्या पाठीत असा धपाटा घातला की तो इंदूरला ऐकू आला. नाव ऐकून सूनबाई आधी रडली आणि मग सगळ्यात जास्त हसली. नाव मी इथे लिहीत नाही, ते बाळाचं आहे.

झालं असं वाटत होतं. तेवढ्यात मुलगी फोन घेऊन पाळण्याकडे गेली आणि बाळाच्या दुसऱ्या कानाशी धरला.

"आत्या, आता तू."

"मी कशाला? एकदा झालं की."

"आत्याची आत्या आहेस. चल ना, बाळ झोपेल."

ताईने माझ्याकडे बघितलं. मग फोनच्या अगदी जवळ वाकली आणि "कुर्रर्र" केलं. आवाज तिकडे पोहोचायला क्षणभर लागला. तो पोहोचला तेव्हा बाळाने तोंड वाकडं केलं. ताईने नाव सांगितलं.

"थांब," मुलगी म्हणाली आणि फोन आता स्वतःच्या कानाशी लावला. पडद्यावर आम्हाला फक्त तिचा कान आणि झुमका दिसत होता. "माझं राहिलंय. सव्वीस वर्षं झाली."

 भिया पोह्यांकडे बघत होते. मग ताईने पदराने तोंड पुसलं आणि माझ्या मुलीच्या कानात कुर्रर्र करून तिचं नाव सांगितलं, सावकाश, शाळेत हजेरी घ्यावी तसं. पलीकडून लगेच आवाज आला, "हजर!"

ताईच्या पाठीत धपाटा घालायला तिथे बाई कुणी नव्हती. मीच घातला. जरा जोरात लागला असावा. ती वळून म्हणाली, "अरे, बारसं आहे, तबला नाही!"

पोहे खाताना मी एक मुद्दा काढला. आज इथे तारीख पंधरा आहे, शनिवार आहे. म्हणजे इंदूरच्या घड्याळाने बारसं माझ्या पहिल्या कागदाप्रमाणे पंधरालाच झालं. तेव्हा कागद तसा चुकला म्हणता येणार नाही.

"पाळणा कुठे आहे?" ताईने विचारलं.

"सॅन फ्रान्सिस्कोला."

"मग तारीख तिथली." तिने हात पुढे केला.

भियांनी साक्ष दिली. मी पाकीट काढलं. शंभराची नोट एक आणि एक रुपयाचं नाणं एक, एकूण एकशे एक रुपये, रोख, शनिवार पंधरा नोव्हेंबर, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, इंदूरच्या वेळेप्रमाणे, माझ्या थोरल्या बहिणीला दिले.